मोजणी भाषेची, टंचाई माणसांची

संगणकाच्या कोणत्या भाषेची लोकप्रियता सध्या किती आहे हे सांगणारी कोष्टके दरमहा, दरसाल प्रसिद्ध होत असतात आणि वर्तमानपत्रातले राशिभविष्य वाचावे तशा श्रद्धेने ती वाचली जातात. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध कोष्टक 'टायोबी'चे. ते २००१ पासून निघते. त्याची रीत अशी की, निरनिराळ्या शोधयंत्रांत 'अमुक प्रोग्रॅमिंग' असे शब्द घालायचे आणि किती पाने सापडली असे ते यंत्र सांगते, तो आकडा धरायचा. जिच्याविषयी अधिक पाने, ती भाषा मोठी. हाच न्याय लावायचा तर ज्या लेखकावर सर्वाधिक गाइडे छापली जातात तो मराठीतला सर्वश्रेष्ठ लेखक ठरेल.

कोष्टक निव्वळ करमणुकीपुरते राहिले असते तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु त्यावरून एक अनुमान काढले जाते आणि त्या अनुमानावर नोकऱ्यांच्या जाहिराती, कंपन्यांचे निर्णय आणि आमच्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम उभे राहतात. अनुमान असे: सिस्टिम्स डेव्हलपर मिळत नाहीत, कारण ज्या भाषांत ते काम चालते त्या भाषा लोकप्रिय नाहीत. 'सी' जुनी झाली म्हणून तिची माणसे मिळत नाहीत. 'रस्ट' अजून रुजली नाही म्हणून तिची मिळत नाहीत. तेव्हा लोकप्रिय भाषा निवडा, लोकप्रिय भाषा शिकवा. माणसे आपोआप मिळतील.

हे अनुमान चुकीचे आहे, आणि त्याची किंमत ते काढणारे नव्हे, तर त्यावर विसंबून प्रवेश घेणारी मुले मोजत आहेत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

१.

मराठी शिकवणारीने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. वाद भाषेचा आहे, भाषेच्या मोजणीचा आहे आणि मोजणीतून काढलेल्या निष्कर्षाचा आहे. या तिन्ही गोष्टींत आम्ही मंडळी बरीच पोळलेली आहोत.

२०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख. दुसरीकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरात, राज्यातल्या इतर अभिलेखागारांत, देवस्थानांच्या आणि जुन्या घराण्यांच्या दप्तरांत मोडी लिपीतले कोट्यवधी कागद पडून आहेत. ते कागद मराठीतच आहेत. तरीही ते सफाईने वाचू शकणारी माणसे मूठभर. याचे कारण 'मराठी पुरेशी लोकप्रिय नाही' असे कोणी सांगितले तर आपण हसू. मराठी बोलणारे आणखी एक कोटी वाढले तरी मोडी वाचणारा त्यामुळे एकही वाढणार नाही, हे आपल्याला कळते. मोडीचा वाचक तयार होतो तो कागदासमोर बसून, जाणत्या माणसाच्या शेजारी, अक्षर लागेपर्यंत महिनोन्‌महिने डोळे ताणून. आणि तेही त्या काळात त्याच्या पोटापाण्याची काही सोय झाली तर.

भाषा वापरणारे, भाषेत लिहिणारे आणि भाषेच्या मुळाशी उतरून काम करणारे असे हे तीन वेगळे वर्ग आहेत. पहिला वर्ग वाढला म्हणजे तिसरा वाढतो असा नियम मानवी भाषांत नाही. तो संगणकाच्या भाषांत आहे असे ज्यांना वाटते, पुरावा देण्याची जबाबदारी त्यांची आहे. ते पुरावा देत नाहीत, कोष्टक दाखवतात.

२.

प्रथम सिस्टिम्स डेव्हलपर म्हणजे कोण, हे पाहू. आपण फोनवर एक बटण दाबतो आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. बटण करणारा डेव्हलपर वेगळा. त्या बटणाखाली जे अनेक थर आहेत त्यांवर काम करणारा तो सिस्टिम्स डेव्हलपर. कोणत्या कामाला किती मेमरी आणि किती वेळ द्यायचा हे ठरवणारे कर्नेल; लिहिता लिहिता वीज गेली तरी नोंद अर्धवट राहू नये याची काळजी वाहणारी फाइल सिस्टिम; यंत्राच्या सुट्या भागांशी बोलणारे ड्रायव्हर; डेटाबेस, कंपायलर, नेटवर्कचे थर. डेनिस रिची आणि केन टॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचे कर्नेल सीमध्ये पुन्हा लिहिले तेव्हापासून या थरांची मुख्य भाषा सी राहिली. पुढे तिच्या जोडीला सी++ आली आणि अलीकडे रस्ट येते आहे.

या कामाला भाषा लागते हे खरे. पण मुख्य अडचण वेगळीच असते. दोन प्रोसेसर एकाच वेळी मेमरीच्या एकाच घरात हात घालतात तेव्हा काय होते? दहा लाख वेळा बरोबर चाललेली गोष्ट पुढच्या एका वेळी का बिघडते? चूक इथे दिसली, पण ती घडली कुठे? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याच भाषेच्या व्याकरणात लिहिलेली नसतात. ती यंत्राच्या वागण्यात असतात आणि ते वागणे पाहत राहूनच कळते.

३.

भाषेच्या लोकप्रियतेतून सिस्टिम्स डेव्हलपर निपजत असते, तर भारतात आणि त्यातही महाराष्ट्रात त्यांचा सुकाळ असता. दोन दशकांहून अधिक काळ आपल्याकडे सी ही जवळजवळ सक्तीची भाषा होती. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष असो, पदविका असो, बीसीएस असो की एमसीए, सीतून सुटका नव्हती. अकरावी-बारावीच्या बायफोकल संगणकशास्त्रातही सी++ होतीच, जोडीला ८०८५ मायक्रोप्रोसेसरही होता. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक ज्या घरात संगणकाचा विद्यार्थी होता त्या घरात बहुधा असेच. इतकी लोकप्रियता जगात फार थोड्या भाषांच्या वाट्याला आली असेल.

पण वर्गात शिकवली गेली ती सी कोणती? 'टर्बो सी'च्या निळ्या पडद्यावरची. बोरलँड कंपनीने डॉसच्या जमान्यात काढलेला हा कंपायलर जग पुढे गेल्यावरही आपल्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे टिकून राहिला. नव्या यंत्रांवर तो चालेना तेव्हा डॉसचे सोंग आणणारा दुसरा प्रोग्रॅम घालून त्याला चालवले गेले. त्यात पूर्णांक ३२७६७ वर संपत असे. पडदा पुसण्यासाठी आणि कळ दाबली जाईपर्यंत थांबण्यासाठी मुले ज्या आज्ञा पाठ करीत त्या मूळ सीच्या प्रमाण ग्रंथालयात नव्हत्याच. आणि सर्वांत महत्त्वाचे: डॉसमध्ये एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत पाऊल टाकले तरी त्याला अडवणारे कोणी नसे. त्यामुळे पॉइंटर चुकला तरी पुष्कळदा काहीच होत नसे; उत्तर बरोबर दिसे, जर्नलवर सही होई. ज्या चुकीतून सिस्टिम्सचे शिक्षण सुरू व्हायचे, ती चूक विद्यार्थ्याच्या दृष्टीलाच पडत नसे.

पॉइंटर हे प्रकरण 'हमखास येणारा प्रश्न' म्हणून पाठ झाले. लिंक्ड लिस्ट जर्नलमध्ये उतरली. सबमिशन झाले, ओरल झाली, मुले पास झाली. सी येणाऱ्यांची संख्या अफाट वाढली. एखाद्या ड्रायव्हरची शंभर ओळींची फाइल उघडून 'इथे असे का लिहिले आहे?' हे सांगू शकणारे त्यांत विरळाच निघाले. दोष मुलांचा नव्हता. त्यांना वाचायला खरा मजकूर कोणी दिलाच नव्हता. बाराखडी घोटून घेतली आणि ग्रंथ कुलपात ठेवला.

४.

आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. १९७६ साली सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नेलचा सुमारे नऊ हजार ओळींचा मूळ मजकूर. दुसरीत त्यावरचे भाष्य. मराठी वाचकाला ही रचना नवी नाही. मूळ ग्रंथ समोर ठेवून त्यावर टीका लिहिणे ही आपली ज्ञान देण्याची सर्वांत जुनी रीत. ज्ञानेश्वरीसुद्धा टीकाच आहे.

तेव्हा सीची लोकप्रियता किती होती? कर्निघन आणि रिची यांचे सीवरचे पुस्तक निघायला अजून दोन वर्षे होती. ते १९७८ चे. लोकप्रियतेचे कोष्टक त्या काळी असते तर सी त्यात शोधूनही सापडली नसती. तरीही ती टीका वाचून सिस्टिम्स डेव्हलपरांची एक पिढी तयार झाली. १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली तेव्हा एटी अँड टी कंपनीने मूळ मजकूर वर्गात शिकवायला परवान्यातून मनाई केली. मग लायन्स यांच्या पुस्तिका छायाप्रतींच्या छायाप्रती काढून हातोहात फिरू लागल्या आणि उघडपणे छापल्या जायला १९९६ साल उजाडले. याच मनाईमुळे ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी स्वतःची छोटी प्रणाली लिहिली, ती १९८७ ची 'मिनिक्स'. हेलसिंकीचा लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी मिनिक्स वापरत होता. १९९१ मध्ये त्याने लिनक्स सुरू केले. आज जगातले बहुसंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइडचे सगळे फोन त्या कर्नेलवर चालतात.

या साखळीत कोठेही लोकप्रियता हे कारण नाही. कारणे तीन आहेत: वाचायला खरा मजकूर, त्याचा अर्थ लावून देणारा माणूस आणि तो मजकूर मोडून पाहण्याची मुभा. एटी अँड टीने यांतले पहिले काढून घेतले तेव्हा माणसांनी ते चोरून मिळवले. आपल्याकडे ते कोणी काढून घेतलेले नाही. लिनक्सच्या तीन कोटींहून अधिक ओळी जगाला खुल्या आहेत. आपण त्या वर्गात आणत नाही, इतकेच.

५.

'शिक्षणाचे ठीक आहे, पण प्रत्यक्ष उद्योगात भाषा लोकप्रिय असली की माणसे मिळतातच', असे यावर म्हटले जाईल. तेही तपासून पाहू.

एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरच्या व्यवहारांची गुप्तता सांभाळणाऱ्या 'ओपनएसएसएल' या सीमधल्या प्रणालीत तो दोन वर्षे दडून होता. त्या काळात सी टायोबीच्या कोष्टकात पहिल्या-दुसऱ्या स्थानावर होती. आणि ज्या प्रणालीवर जगातल्या बँका विसंबून होत्या, तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक! देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या भाषेला दुसरा माणूस मिळाला नाही. पुढे लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला आणि ओपनएसएसएलला आणखी पूर्णवेळ डेव्हलपर मिळाले. या काही आठवड्यांत सीची लोकप्रियता वाढली नव्हती. पगाराची सोय झाली होती.

दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, 'एक्सझेड' प्रकरण घडले. फाइली दाबून लहान करणारे हे साधन लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असते. त्याची देखभाल वर्षानुवर्षे एक माणूस बिनपगारी करीत होता. मदतीच्या मिषाने कोणी टोपणनावाची व्यक्ती आली, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करीत राहिली आणि अखेर तिने त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला तो अँड्रेस फ्रॉइंड या डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्यामुळे. लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न त्याला सतावत राहिला. ज्याची टंचाई आहे असे आपण म्हणतो ती ही गोष्ट: अर्धा सेकंद कुठे गेला हे विचारणारे कुतूहल आणि त्याचा माग काढण्याइतके ज्ञान. ते कोणत्या भाषेच्या कोष्टकात मोजले जाते?

आता अप्रिय भाषांकडे वळू. रस्टची १.० आवृत्ती मे २०१५ ची. स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक पाहणीत २०१६ पासून दरवर्षी ती वापरणाऱ्यांची सर्वांत आवडती ठरली; परंतु वापरणाऱ्यांचे प्रमाण २०२२ पर्यंत एक आकडी टक्क्यांतच होते. तरीही गूगलने २०२३ मध्ये आपल्या हजाराहून अधिक डेव्हलपरांच्या पाहणीतून जे सांगितले ते असे: दोन तृतीयांशांहून अधिक लोक दोन महिन्यांत, किंवा त्याहूनही लवकर, रस्टच्या प्रकल्पात आत्मविश्वासाने भर घालू लागले. एनव्हिडियाने सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक अशा काही फर्मवेअरसाठी अडा भाषेतून निघालेली 'स्पार्क' निवडली. तिची माणसे बाजारात मिळणे अशक्यच होते. कंपनीने आपल्याच सी लिहिणाऱ्या अभियंत्यांना ती शिकवली.

याउलट अमेरिकेच्या संरक्षण खात्याची गोष्ट. १९९१ मध्ये कायद्याने अडा सक्तीची झाली आणि १९९७ मध्ये ती सक्ती उठली. पुढे एफ-३५ या लढाऊ विमानासाठी मुख्यतः लोकप्रिय सी आणि सी++ यांचा आधार घेतला गेला. मग २००५ मध्ये त्या प्रकल्पाची नियमावली निघाली: सी++ कशी लिहावी आणि मुख्यतः कशी लिहू नये, याचे दोनशेहून अधिक नियम! म्हणजे जगाला येते ती भाषा घेतली आणि जगाला येते तशी ती वापरू नका असे सांगणारे पुस्तक लिहिले. प्रशिक्षण चुकले नाहीच; फक्त त्याचे नाव बदलले.

हिशेब स्पष्ट आहे. ज्याला यंत्र कळते त्याला नवी भाषा यायला दोन महिने लागतात. ज्याला फक्त भाषा येते त्याला यंत्र कळायला वर्षे लागतात. आपण दोन महिन्यांच्या गोष्टीची टंचाई मोजत बसलो आहोत.

६.

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. लोकप्रियतेने दारात कोण येते हे ठरते. विशी-पंचविशीतला मुलगा आपल्या बरोबरीचे काय करतात ते पाहतो. लिनक्सच्या कर्नेलमध्ये ज्यांना मेंटेनर म्हणतात, म्हणजे इतरांचे काम तपासून आत घेणारे, ते आता पन्नाशीकडे झुकलेले आहेत आणि नवे मेंटेनर मिळणे कठीण झाले आहे, हे टोरवाल्ड्स यांनी स्वतः २०२० मध्ये बोलून दाखवले. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नेलच्या ६.१ आवृत्तीत रस्टला जागा मिळाली, त्यामागे सुरक्षितता हे मोठे कारण होते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आणि क्रोमच्या गटाने २०२० मध्ये, आपल्याकडच्या गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापराचे असतात, असे जाहीर केले होते. पण नव्या रक्ताला आकर्षित करणे हाही हेतू उघडपणे सांगितला गेला.

मग पुढे काय झाले? नवी माणसे दारात आली. आत त्यांचे स्वागत कसे झाले ते सर्वांनी पाहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये रस्टच्या या प्रकल्पाच्या एका प्रमुख मेंटेनरने तांत्रिक नसलेल्या कटकटींना कंटाळून काम सोडले. २०२५ च्या आरंभी जुन्या आणि नव्या मंडळींत पुन्हा खडाजंगी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये रस्टच्या कपाळावरचे 'प्रायोगिक' हे लेबल काढायचे ठरले, ही चांगली गोष्ट. परंतु या तीन वर्षांचा धडा असा की, भाषा माणसाला उंबऱ्यापर्यंत आणते. आत घेणे, सांभाळणे, शिकवणे हे माणसांनाच करावे लागते.

दुसरी मान्य करण्याजोगी गोष्ट म्हणजे लोकप्रिय भाषेला साधने, पुस्तके, मदत अधिक मिळते. अलीकडे कोड लिहून देणारी जी यंत्रे आली आहेत, तीही ज्या भाषेत मजकूर विपुल तिच्यात जास्त सराईत असतात. त्यामुळे थोराला थोरपण मिळत जाते. पण यातून निघणारा निष्कर्ष आमच्या बाजूचा आहे. जे सर्वांना येते ते यंत्रही लिहून देऊ लागले, तर माणसाकडून अपेक्षा राहील ती लिहिलेले वाचण्याची, त्याचा अर्थ लावण्याची आणि 'हे इथे चुकेल' असे सांगण्याची. ज्या अभ्यासक्रमाने वाचन टाकून फक्त लोकप्रिय भाषेतले लेखन शिकवले, त्याने मुलांना नेमक्या यंत्राच्या तोंडी दिले.

७.

मग हे अनुमान इतके रुजले का? कारण ते सोयीचे आहे. 'भाषा लोकप्रिय नाही' असे म्हटले की टंचाईची जबाबदारी कोणावरच येत नाही. पाऊस पडला नाही, त्याला कोण काय करणार! कंपन्यांनी जाहिरातीत 'पाच वर्षांचा कर्नेलचा अनुभव' मागायचा आणि पहिले वर्ष द्यायला मात्र कोणीच तयार व्हायचे नाही. हा अनुभव आकाशातून पडतो अशी त्यांची समजूत असावी.

पुण्याचाच दाखला घ्या. नव्वदच्या दशकापासून येथे व्हेरिटास या कंपनीचे मोठे अभियांत्रिकी केंद्र होते. फाइल सिस्टिम, व्हॉल्यूम मॅनेजर, बॅकअप अशी मुळातली कामे तेथे चालत. त्या केंद्रातून आणि त्याच्या आसपास उभ्या राहिलेल्या स्टोरेजच्या उद्योगातून या शहरात चांगले सिस्टिम्स डेव्हलपर घडले. पुण्याच्या मुलांना अचानक सी प्रिय झाली होती असे नाही. तेव्हा तर जावाची हवा होती. पण येथे काम होते, शिकवणारे वरिष्ठ होते आणि शिकत असताना पगार होता. काम आले, माणसे आली. उलट क्रमाने हे कधीच घडत नाही.

आणि आम्ही प्राध्यापक? आमचाही वाटा कमी नाही. एका महाविद्यालयात अभ्यासक्रमाच्या बैठकीला इतर विद्याशाखेची प्रतिनिधी म्हणून बसण्याचा योग आला होता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांचे तास कमी करून त्या जागी पायथनची आणखी एक प्रश्नपत्रिका आणण्याचा ठराव होता. मी कारण विचारले. "मॅडम, मार्केट कुठे आहे ते बघा ना," असे उत्तर मिळाले आणि कोष्टक पुढे सरकवण्यात आले. पायथन ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या कोष्टकात पहिल्या स्थानी पोहोचली, हे खरे. ती उत्तम भाषा आहे, हेही खरे. पण एका प्रश्नाचे उत्तर त्या कोष्टकात नव्हते: जी भाषा मुलगा घरी बसून दोन महिन्यांत शिकू शकतो तिच्यासाठी तास वाढवायचे, आणि जी गोष्ट शिक्षकाशिवाय आणि प्रयोगशाळेशिवाय शिकणे जवळपास अशक्य तिचे तास कापायचे, हा कोणता न्याय? ठराव संमत झाला.

हा वाद नवा नाही. २००१ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी टेक्सास विद्यापीठाच्या वरिष्ठांना पत्र लिहून पहिल्या वर्गातली हॅस्केल काढून जावा आणण्याला विरोध केला होता. २००८ मध्ये रॉबर्ट ड्युअर आणि एडमंड शोनबर्ग यांनी, जावाच्या सोयीपायी उद्याचे अभियंतेच मिळेनासे होतील, अशी तक्रार केली. त्यांचा रोख त्या भाषेवर होता. माझे म्हणणे एवढेच की, जावाच्या जागी सी, सीच्या जागी पायथन किंवा पायथनच्या जागी रस्ट बसवल्याने ही तक्रार मिटणार नाही. टर्बो सीच्या निळ्या पडद्याने ते सिद्ध केले आहे.

करण्याजोगी गोष्ट साधी आहे आणि तिला फार पैसा लागत नाही. 'एक्सव्ही-६' नावाची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम एमआयटीने २००६ मध्ये केवळ शिकवण्यासाठी लिहिली. ती सुमारे दहा हजार ओळींची आहे, फुकट आहे, भाष्यासह आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. आयआयटी मुंबईत ती शिकवण्यात वापरली गेली आहे. एक सत्र ती ओळीओळीने वाचावी, जसे आम्ही एखादा मध्ययुगीन ग्रंथ वाचतो: पाठ, अर्थ, पाठभेद, शंका. मग ती मोडावी आणि दुरुस्त करावी. वर्गातल्या साठांपैकी पाच जणांना जरी गोडी लागली तरी ते पाच पुढे सीमध्ये लिहितील, रस्टमध्ये लिहितील, की अजून जन्माला न आलेल्या एखाद्या भाषेत, हा प्रश्न गौण आहे. कंपन्यांनी दर अनुभवी अभियंत्यामागे एक नवखा माणूस दोन वर्षे पदरी ठेवावा. तो सोडून जाईल ही भीती बाळगू नये, कारण आज ज्याला त्या शोधत आहेत तोही कोणाला तरी सोडूनच येणार आहे.

एवढे करण्याची तयारी नसेल, तर निदान दरमहा कोष्टक पाहून टंचाईबद्दल आश्चर्य तरी व्यक्त करू नये.